रूळ गेले, वाट राहिली : ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ची वाटचाल

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दुसऱ्यांच्या संस्थेचा इतिहास कशाला, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. शिकागोच्या पश्चिमेला एल्महर्स्ट, लोम्बार्ड, व्हीटनपासून थेट ऑरोरापर्यंत राहणारे आपल्यातले बरेच जण त्या संस्थेच्या वाटेवर रोज चालतात. कुणी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, कुणी सुनेने घराबाहेर काढलं म्हणून. उन्हाळ्यात भारतातून आलेले आईवडील तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा. ‘प्रेअरी पाथवर एक चक्कर मारून येतो’ हे वाक्य आपल्या घरांत आता अस्सल मराठी झालं आहे. पण ही वाट कुणाची, असं विचारलं की उत्तर येतं, ‘कुणाची म्हणजे? सरकारची.’ मीही आठ-दहा वर्षं तेच समजत होतो.

वाटेखालची जमीन बहुतेक सरकारी आहे हे खरं. वाट मात्र सरकारच्या डोक्यातून निघालेली नाही. ती काढली एक निसर्गशिक्षिका, तिच्या मैत्रिणी आणि शिष्या, फिरस्ते, पक्षिनिरीक्षक अशा मंडळींनी, आणि त्यांच्या संस्थेचं नाव ‘द इलिनॉय प्रेअरी पाथ’. वाटेचं आणि संस्थेचं नाव एकच असल्यामुळे घोटाळा होतो. या लेखात ‘वाट’ म्हटलं की वाट आणि ‘संस्था’ म्हटलं की माणसं, एवढं ध्यानात ठेवावं.

आधी आगगाडीचं सांगतो, कारण गाडी बंद पडली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

3 जुलै 1957, बुधवार. सकाळी नेहमीप्रमाणे पश्चिमेकडचे चाकरमाने ‘शिकागो, ऑरोरा अँड एल्जिन’ कंपनीच्या विजेच्या गाडीने शहराकडे कामाला गेले. दुपारी कंपनीला प्रवासी वाहतूक थांबवायला न्यायालयाची मोकळीक मिळाली आणि कंपनीने संध्याकाळपर्यंतही न थांबता गाड्या बंद केल्या. हजारो माणसं संध्याकाळी घरी जायला निघाली तेव्हा गाडीच नव्हती. दुसऱ्या दिवशी अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. गणपतीच्या आदल्या दिवशी कामावर गेलेल्या डोंबिवलीकराला परतताना कळावं की लोकल कायमची बंद झाली, तशातला प्रकार. या भागातल्या जुन्या लोकांना ती दुपार अजून आठवते, आणि सांगताना त्यांचा आवाज अजून चढतो.

ही गाडी ऑगस्ट 1902 मध्ये ऑरोरा ते शिकागो अशी सुरू झाली, पुढच्या वर्षी एल्जिनचा फाटा निघाला. बटेव्हिया आणि जिनिव्हालाही फाटे गेले. वीज डोक्यावरच्या तारेतून न येता बहुतेक ठिकाणी जमिनीलगतच्या तिसऱ्या रुळातून यायची, 600 व्होल्टची. 1905 पासून गाड्या उन्नत मार्गावरून शहराच्या पोटात, वेल्स स्ट्रीटपर्यंत जाऊ लागल्या. सकाळी नोकरदार, रविवारी सहलीची कुटुंबं आणि काही वर्षं चक्क अंत्ययात्रासुद्धा! शहराबाहेरच्या दफनभूमीपर्यंत शवपेटी आणि नातेवाईक एकाच गाडीने नेण्याची खास सोय या कंपनीने ठेवली होती. कंपनीची नफ्याची वर्षं थोडी आणि दिवाळखोरीचे फेरे फार. विजेच्या धंद्यातले सम्राट सॅम्युएल इन्सल यांनी 1926 मध्ये ती ताब्यात घेतली, पण मंदीत त्यांचंच साम्राज्य कोसळलं आणि गाडी पुन्हा कर्जात गेली.

खरा घाव घातला मोटाररस्त्याने. आज आपण ज्याला आयझेनहॉवर म्हणतो आणि ज्याच्यावर रोज तासभर अडकून पडतो, तो महामार्ग बांधायला घेतला तेव्हा गाडीचा शहरात शिरायचा मार्गच आड आला. सप्टेंबर 1953 पासून गाड्या फॉरेस्ट पार्कलाच थांबू लागल्या. आज ब्लू लाइन जिथे संपते, तिथेच. तिथे उतरून दुसरी गाडी पकडायची. कोण पकडणार? ज्यांच्याकडे मोटार होती ते मोटारीने जाऊ लागले. चार वर्षांत गाडीचा श्वास संपला. मालवाहतूक 1959 पर्यंत रखडत चालली आणि 1961 मध्ये मार्ग कायदेशीररीत्या सोडून दिल्याचं जाहीर झालं. रूळ भंगारात गेले, पुष्कळ पुलांचं लोखंडही गेलं. मागे राहिली ती पन्नास-शंभर फूट रुंदीची, मैलोगणती लांबीची खडीची पट्टी. तिच्यावर रानटी झुडपं, फुटक्या बाटल्या आणि लोकांनी रात्री गुपचूप आणून टाकलेल्या जुन्या गाद्या.

इथे एक गोष्ट आपल्याला अमेरिकन लोकांपेक्षा लवकर कळावी. आपण वाटण्या पाहिलेल्या आहेत. चार भावांत वीस एकर वाटले की प्रत्येकाला पाच येतात हे गणित कागदावर बरोबर असतं, पण बैल वळवायला जागा उरत नाही. म्हणून तर मुंबई सरकारने 1947 मध्ये तुकडेबंदीचा कायदा केला. रेल्वेच्या पट्टीचंही तसंच असतं. ती सलग असेल तर तिची किंमत. मधला पाव मैल कुणी पार्किंगला घेतला, पुढचा कुणी गुदामाला, त्यापुढचा शेजारच्या घरांनी आपापल्या परसात ओढून घेतला, की जे उरेल ते कशाच्याच कामाचं नाही. आणि एकदा तुटलेली पट्टी पुन्हा जोडायची तर घरं पाडावी लागतील. 1961 ते 1963 ही दोन वर्षं त्या पट्टीच्या कपाळी हेच लिहिलेलं दिसत होतं. गावांना पार्किंग हवं होतं, रस्तेवाल्यांना रस्ते, वीजवाल्यांना खांबांसाठी जागा.

अशा वेळी एका बाईने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं.

मे थीलगार्ड वॉट्स यांचा जन्म 1893 चा, म्हणजे विवेकानंदांनी शिकागोत भाषण केलं त्या सालचा. आईवडील डेन्मार्कहून आलेले. शिकागो विद्यापीठात हेन्री काउल्स या परिसरशास्त्राच्या आद्य अभ्यासकाकडे शिकल्या, पुढे लाइलच्या मॉर्टन आर्बोरेटममध्ये वर्षानुवर्षं लोकांना झाडं, माती आणि गवत वाचायला शिकवलं. वाचायला हा शब्द त्यांचाच म्हणायला हरकत नाही. ‘रीडिंग द लँडस्केप’ हे त्यांचं पुस्तक 1957 चं, गाडी बंद पडली त्याच वर्षीचं. एखाद्या गावाबाहेरचा ओढा, कुंपण, ओळीने उभी असलेली झाडं पाहून इथे शंभर वर्षांपूर्वी काय होतं ते कसं ओळखावं, हे त्यात आहे. गावचा जुना तलाठी बांधावरचं बाभळीचं झाड पाहून जसं सांगेल की हा बांध आजोबांच्या वेळचा आहे, तशी ती नजर.

वॉट्सबाई इंग्लंडमध्ये पायी हिंडून आल्या होत्या. तिथे शेतांमधून, खासगी कुरणांमधून, कधी कुणाच्या अंगणालगतून सर्वांना मोकळ्या असलेल्या पायवाटा जातात. मालक कुणीही असो, वाट अडवता येत नाही. आपल्याकडे याला वहिवाट म्हणतात आणि शेतरस्ता अडवला म्हणून आजही तहसीलदारासमोर खटले चालतात. इंग्लंडात तर 1932 च्या कायद्याने ठरवून टाकलं की वीस वर्षं लोक बिनविरोध चालत आले असतील तर ती वाट लोकांची. अमेरिकेच्या या भागात मात्र जमिनीचे चौरस तुकडे पाडून ते विकले गेले, आणि त्या चौकटीत चालणाऱ्याचा विचार कुणी केलाच नव्हता. शिकागोच्या उपनगरांत तर त्या काळी पायी चालणारा माणूस दिसला की गाडी बिघडली असेल असं समजून लोक थांबत.

30 सप्टेंबर 1963 रोजी ‘शिकागो ट्रिब्यून’च्या वाचकांच्या पत्रव्यवहारात त्यांचं पत्र छापून आलं. आपण माणसं आहोत, दोन पायांवर चालतो, तेव्हा आपल्याला एक पायवाट हवी, अशा सरळ अर्थाने त्याची सुरुवात होती. शिकागोला लांबलचक पायवाट मिळवायची संधी आत्ता आहे आणि आत्ता नाही घेतली तर बुलडोझर तयारच आहेत, असं त्यांनी बजावलं होतं. बाई तेव्हा सत्तर वर्षांच्या. मला या पत्राचं कौतुक वाटतं ते भाषेसाठी नाही, वेळेसाठी. दोन वर्षं उशीर झाला असता तर तेच पत्र हळहळीचं ठरलं असतं. गाव बुडाल्यावर धरणाविरुद्ध लिहिलेले सुंदर लेख आपल्याकडेही पुष्कळ आहेत.

पत्राला प्रतिसाद आला आणि वॉट्सबाईंभोवती दहा-बारा माणसं जमली. त्यांत बायका अधिक. त्याच वर्षी शिकागोत ‘ओपन लँड्स प्रोजेक्ट’ ही मोकळ्या जागा वाचवणारी संस्था सुरू झाली होती. तिचे संचालक गनर पीटरसन यांचा हात पाठीशी आला. पैसा नव्हता, जमीन नव्हती, अधिकार नव्हता. होतं काय, तर स्लाइड्स दाखवायचं यंत्र. बागकाम मंडळं, महिला क्लब, चर्चची तळघरं, शाळा, जिथे कुणी अर्धा तास देईल तिथे जाऊन या बायकांनी पट्टीची चित्रं दाखवली. गावोगावच्या नगर परिषदांच्या बैठकांना हजेरी लावली. सार्वजनिक काम केलेल्या कुणालाही विचारा, त्यातला नव्वद टक्के वेळ असाच जातो. बैठकीत तुमचा विषय नववा असतो, आठव्या विषयावर पावणेदोन तास भांडण होतं आणि नववा पुढच्या महिन्यावर ढकलला जातो. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं. या संस्थेच्या स्थापनेचा इतिहास म्हणजे पुन्हा जाण्याचा इतिहास आहे.

विरोधही झाला. पट्टीला लागून ज्यांची परसं होती त्यांना भीती, की उद्या कोण कुठले लोक खिडकीखालून जातील. चोऱ्या होतील, पोरं धिंगाणा घालतील. मी त्यांना हसणार नाही. आपल्या सोसायटीच्या मागून कुणी सार्वजनिक रस्ता काढायचं म्हटलं तर आपण काय करू ते मला ठाऊक आहे. गंमत एवढीच, की आज त्याच घरांच्या जाहिरातीत ‘प्रेअरी पाथपासून दोन मिनिटांवर’ असं लिहिलेलं असतं आणि त्याबद्दल जास्त पैसे मागितले जातात.

1965 मध्ये संस्थेची रीतसर ना-नफा नोंदणी झाली. 1966 मध्ये ड्यूपेज काउंटीने आपल्या हद्दीतल्या पट्टीवर वाट करण्यासाठी ती संस्थेला भाडेपट्ट्याने दिली. वाचताना हे वाक्य सरकारी वाटतं, पण संस्थेच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस हाच. जमीन काउंटीची, काउंटीच्या डोक्यात पुढेमागे नळ, तारा, कदाचित वाहतूक. संस्थेने म्हटलं, करा की, नळ जमिनीखालून जाऊ द्या, तारा डोक्यावरून. आम्हाला फक्त मधला चालण्यापुरता भाग द्या. सलग पट्टी मोडली नाही यामागचं कारण हा व्यवहारीपणाही आहे. ऑरोराच्या फाट्यावर आजही विजेचे अजस्र मनोरे डोक्यावर गुणगुणत असतात आणि त्यांच्या खालून माणसं चालतात. चित्रात ते शोभत नाहीत, पण त्या मनोऱ्यांमुळेही ती पट्टी कुणी घरं बांधायला विकू शकलं नाही. संस्थेने हट्ट धरला असता, की वाट निर्भेळ निसर्गरम्यच हवी, तर आज ना निसर्ग असता ना वाट.

मग कामाला सुरुवात झाली. झुडपं तोडायची, काचा वेचायच्या, गाद्या आणि टायर उचलायचे. स्काउटची मुलं आली, कॉलेजची आली, निसर्गप्रेमी मंडळं आली. रेल्वेची खडी पायाखाली सरकते, टोचते. तिच्यावर चुनखडीची बारीक कच टाकून, दाबून रस्ता बसवावा लागतो. पावसाने ती वाहून जाते, पुन्हा टाकायची. पूल नव्हते तिथे लोक उतरून, पलीकडे चढून जायचे. एकेक पूल व्हायला वर्षं लागली. संस्था नकाशे छापून विके, वार्षिक वर्गणी घेई, बातमीपत्र काढी. या तिन्ही गोष्टी पुढेही सुरू राहिल्या. 1971 मध्ये केंद्र सरकारने वाटेला राष्ट्रीय रंजन-मार्गाचा दर्जा दिला. असा मान मिळालेली इलिनॉयमधली रेल्वेमार्गावरची ही पहिली वाट. तोपर्यंत वॉट्सबाई थकल्या होत्या. 1975 मध्ये त्या गेल्या.

शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये एलरॉय ते स्पार्टा अशी रेल्वेच्या जागेवरची वाट याच सुमारास झाली, आणि पहिली कोण यावर दोन्हीकडचे लोक अजून हुज्जत घालतात. मला त्यात रस नाही. फरक दुसराच आहे. तिथे राज्य सरकारने जमीन घेऊन वाट केली. इथे आधी नागरिक उभे राहिले आणि सरकार मागून आलं. पुढे 1983 मध्ये केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बंद पडणारे रेल्वेमार्ग न तोडता राखून ठेवायची सोय झाली. ही दुरुस्ती वीस वर्षं आधी झाली असती तर वॉट्सबाईंचे बरेच खेटे वाचले असते. 1916 च्या सुमारास अमेरिकेत अडीच लाख मैलांहून अधिक रेल्वेमार्ग होते. त्यातले बंद पडलेले हजारो मैल आज अशाच वाटा झाले आहेत.

वाटेचा नकाशा पाहिला तर पसरलेल्या हातासारखा दिसतो. पूर्वेला फॉरेस्ट पार्क आणि मेवुडकडून येणारा मनगटाचा भाग, व्हीटनला तळहात आणि तिथून फॉक्स नदीकडे गेलेली बोटं : एल्जिन, जिनिव्हा, बटेव्हिया, ऑरोरा. सगळं मिळून सुमारे 61 मैल, म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटर. पुण्याहून निघालो तर साताऱ्याच्या थोडं अलीकडे पोहोचू. ऑरोरा म्हणजे बालाजीचं मंदिर असलेलं आपलं ऑरोराच. व्हीटनला वाट फुटते त्या चौकातल्या छोट्या बागेचं नाव ‘व्हॉलंटियर पार्क’, स्वयंसेवकांची बाग. संस्थेचं म्हणावं असं स्मारक तेवढंच, आणि तिथेही लोक सायकलीत हवा भरायला थांबतात, पाटी कुणी वाचत नाही.

व्हिला पार्कला दोन जुनी स्टेशनं उभी आहेत. एक 1910 चं, दुसरं 1929 चं. दुसऱ्यात गावाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. आणि त्याच गावात वाटेला खेटून ओव्हल्टिनचा जुना कारखाना आहे. हो, तेच ओव्हल्टिन, जे परीक्षेच्या दिवसांत आपल्याला आई पाजायची. कारखाना 1980 च्या दशकात बंद पडला, इमारतीत आता लोक राहतात. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी वाटेवरची फुलं दाखवतो तेव्हा ते ‘छान, छान’ म्हणतात. ओव्हल्टिनचा कारखाना दाखवला की थांबून फोटो काढतात.

आता गवताचं सांगायला हवं, कारण वाटेच्या नावात ते आहे. इलिनॉयमध्ये एके काळी दोन कोटी एकरांहून अधिक प्रेअरी होती, माणसाच्या डोक्यावर जाईल एवढं उंच गवत. जॉन डीअर या लोहाराने 1837 मध्ये याच राज्यात पोलादी नांगर केला आणि पुढच्या पन्नास वर्षांत ते सगळं गवत नांगराखाली गेलं. आज मूळ प्रेअरी हजारात एक भागही उरलेली नाही. जी उरली ती कुठे? दफनभूमींच्या कोपऱ्यात आणि रेल्वेच्या कुंपणाच्या आत. कारण तिथे नांगर गेला नाही. वॉट्सबाईंना ती पट्टी मौल्यवान वाटली ती चालण्यासाठी तर खरीच, पण खडीच्या कडेने त्यांना ते जुनं गवत दिसत होतं म्हणूनही. कंपास प्लँट नावाचं एक झाड तिथे येतं, त्याची पानं उत्तर-दक्षिण धरून उभी राहतात आणि मुळं दहा-बारा फूट खाली जातात. वर गाडी धावत होती तेव्हा खाली ते आपलं काम करत होतं. एल्महर्स्टला वाटेशेजारी या जुन्या प्रेअरीचा एक तुकडा राखला आहे. ऑगस्टमध्ये जाऊन पाहावा.

हे राखायचं म्हणजे सतत उपटायचं. स्वयंसेवकाचं काम म्हटलं की डोळ्यांपुढे फीत कापणं येतं. प्रत्यक्षात ते गुडघ्यांवर बसून होतं. आम्हा स्वयंसेवकांच्या वसंतातल्या कामाचा मुख्य शत्रू आहे लसूण-मोहरी, इथे ‘गार्लिक मस्टर्ड’ म्हणतात. युरोपातून आलेल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात भाजी म्हणून आणली आणि ती रानभर झाली. पहिल्या वर्षी जमिनीलगत गोल पानं, दुसऱ्या वर्षी एप्रिल-मेमध्ये सरळ दांडा आणि चार पाकळ्यांची इवली पांढरी फुलं. पान चुरगाळलं की लसणाचा वास येतो, अगदी फोडणीत लसूण टाकल्यासारखा, आणि उपाशीपोटी गेलेल्या मराठी माणसाला भलत्याच वेळी वरण-भात आठवतो. उपटताना दांडा धरून ओढला तर तो तुटतो आणि मूळ पुन्हा फुटतं. बोटं मातीत घालून, मूळ जिथे इंग्रजी एससारखं वाकतं तिथे धरून हलकेच खेचावं लागतं. मूळ सुटताना एक बारीकसा ‘टक्’ जाणवतो. तो जाणवला तर काम झालं. फुलावर आलेलं रोप उपटून तिथेच टाकलं तर ते मरता मरता बी धरतं, म्हणून पिशवीत भरून न्यावंच लागतं. एका रोपाला शेकडो, कधी हजारो बिया. त्या मातीत पाच-सात वर्षं दम धरून राहतात. म्हणजे यंदा जे रोप राहिलं त्याचा हिशेब पुढची कित्येक वर्षं.

हिवाळ्यातला शत्रू बकथॉर्न. तोही युरोपातून कुंपणासाठी आणलेला. सगळी झाडं निष्पर्ण झाली तरी याची पानं हिरवी, त्यामुळे नोव्हेंबरात तो लांबूनच ओळखू येतो. तोडून भागत नाही. बुंध्याला लगेच औषध लावलं नाही तर एकाचे सात फुटतात. फळं पाखरं खातात आणि त्यांना जुलाब होतात, मग बिया जिकडेतिकडे. शास्त्रीय नावातच ‘रेचक’ असा अर्थ आहे. नाव ठेवणाऱ्याला अनुभव असावा.

मोठी कामं आता संस्था करत नाही. ड्यूपेजमध्ये पृष्ठभाग, पूल, गवतकापणी काउंटी पाहते. केन काउंटीत आणि शहराकडच्या टोकाला वेगवेगळ्या वन-उद्यान संस्था आणि गावं. मालक अनेक, आणि प्रत्येकाला फक्त आपला तुकडा दिसतो. वाट एकच आहे हे सगळ्यांना आठवून देत राहणं, हे संस्थेचं उरलेलं काम. कुठे नवा रस्ता आडवा येतोय, कुठल्या चौकात चालणाऱ्यांना ओलांडायला सिग्नल नाही, कुठल्या गावाच्या अंदाजपत्रकातून बाकांचे पैसे गेले, यावर लक्ष ठेवायचं आणि पुन्हा त्याच बैठकांना जाऊन बसायचं. विषय नववा.

सायकलवाल्यांचा प्रश्नही इथे नोंदवायला हवा. वॉट्सबाईंनी मागितली होती पायवाट. आज सुट्टीच्या दिवशी चालणाऱ्यांपेक्षा चाकं जास्त दिसतात. कुणी ‘ऑन युअर लेफ्ट’ ओरडत कानाजवळून जातो आणि आजोबा दचकून नेमके डावीकडेच सरकतात. काही फाट्यांवर घोडेस्वारही असतात. संस्थेने सगळ्यांना सामावून घेतलं आणि ते योग्यच केलं, असं माझं मत आहे. सायकलवाल्यांच्या संख्येशिवाय पूल झाले नसते. तरी आपल्या पाहुण्या आईवडिलांना जाण्यापूर्वी एवढं जरूर सांगावं, की उजव्या कडेने चाला आणि एकमेकांशेजारी चौघं पसरू नका.

संस्थेत पगारी माणूस नाही. कार्यकारिणीतले बरेच जण निवृत्त आहेत आणि प्रत्येक सभेत एक प्रश्न निघतोच : नवे कोण येणार? मी आजूबाजूला पाहतो. संध्याकाळी वाटेवर मराठी, तेलुगू, गुजराती, स्पॅनिश ऐकू येतं. सभेत मात्र बहुतेक इंग्रजीच, तेही जुन्या उपनगरी वळणाचं. वाट आपण वापरतो. उपटायला आपण जात नाही.

म्हणून संपादकांची परवानगी गृहीत धरून एक विनंती. संस्थेची वर्गणी आपल्या एका नाटकाच्या तिकिटाहून फार मोठी नाही, ती भरा. आणि एप्रिल-मेमधल्या एखाद्या शनिवारी सकाळी दोन तास द्या. पूर्ण बाह्यांचा सदरा, जाड हातमोजे, पाण्याची बाटली आणि मातीत खराब झाले तरी चालतील असे बूट एवढं पुरतं. लसूण-मोहरी कशी ओळखायची ते तिथे कुणीही दाखवील. मुलांनाही आणा, त्यांची बोटं बारीक असतात, मूळ लवकर सापडतं.